विझार्ड्री: पहिल्या मजल्यावरून परत येणारी पार्टी (तारकर्ली, पावसाळा २०२४)

खेळ विझार्ड्रीच, 'प्रूव्हिंग ग्राउंड्स ऑफ द मॅड ओव्हरलॉर्ड'. मूळचा १९८१ सालचा, ॲपल टू संगणकावरचा, अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी लिहिलेला. आम्ही खेळतोय ते डिजिटल इक्लिप्सने मे २०२४ मध्ये पूर्ण करून आणलेलं नवं रूप. चित्रं नवी, आतली गणितं जुनी. हवा तर जुन्या खेळाचा पडदाही कोपऱ्यात दिसत राहतो. सोयीचे पर्याय बरेच आहेत. आम्ही जुने नियम ठेवलेत, कारण नाहीतर खेळायचं कशाला.

खेळणारे दोघं. मी आणि माझा भाचा. तो एरवी स्कूबाच्या होडीवर असतो, पावसात पाण्यातली कामं बंद, म्हणून तो मोकळा. माझ्याकडच्या दोन खोल्यांना या दिवसांत पाहुणा नसतो, म्हणून मीही. दहा मजली भुयार, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकटींचा, तळाला वेर्डना नावाचा मांत्रिक. त्याच्यापर्यंत जायची गोष्ट या नोंदींत नाही. पहिल्या मजल्यावर मरायचं कसं थांबवायचं, एवढंच आहे.

२ जुलै

सहा पात्रांची पार्टी. पुढे तिघं, मागे तिघं. हातघाईचा मार पुढच्या तिघांनाच द्यायचा आणि बहुतेक करून त्यांनीच खायचा.

नवं पात्र काढलं की वंशाप्रमाणे ठरलेले आकडे मिळतात आणि वर वाटायला काही गुण. हे गुण बहुतेक वेळा ७ ते १०. दहा-बारा वेळा नवं पात्र काढलं की एखाद्या वेळी १७ ते २०. त्याहून वर क्वचित.

आजची अख्खी संध्याकाळ या जुगारात गेली. भाच्याला सामुराई पाहिजे होता. सामुराईला ताकद १५, बुद्धी ११, श्रद्धा १०, जीवट १४, चपळाई १० लागते. हिशेब मांडला तर एल्फ, ड्वार्फ किंवा नोम वंश घेतला तर १८ गुण पुरतात, माणूस घेतला तर २३, हॉबिट घेतला तर २५. म्हणजे १८ चा आकडा पडेपर्यंत पात्र काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. लॉर्ड आणि निंजा या वर्गांच्या, म्हणजे पेशांच्या, नादी तर लागूच नका. २९ गुण पडले तरी पुरत नाहीत; ते पुढे वर्ग बदलूनच मिळतात.

शेवटी १८ पडले आणि एल्फ सामुराई झाला. नावं माशांची ठेवायची असं भाच्याने परस्पर ठरवलं होतं. सामुराई म्हणजे सुरमय. बाकीचे मोरी आणि बांगडो हे दोन फायटर, कुर्ली चोर, कासव पुजारी, तारली जादूगार. जादूगाराचं नाव तारली ठेवलं तेव्हाच त्याच्या नशिबात काय आहे ते कळायला हवं होतं.

३ जुलै

सहाही जण मेले. पहिल्याच फेरीत नाही, तिसऱ्या दारामागे.

नक्की काय झालं ते लिहून ठेवतो. पहिल्या दारामागे 'बबली स्लाइम', म्हणजे बुडबुड्यांचा चिखल. सगळे जोशात. तारलीने त्यावर हालितो मारला. हालितो म्हणजे आगीची ठिणगी, एकावरच लागते, १ ते ८ इजा. स्लाइम मारल्याचे एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, ५५, ते सहा जणांत वाटून. जादूगाराकडे सुरुवातीला पहिल्या पातळीचे दोनच मंत्र टाकण्याइतकी शक्ती असते. एक ५५ वर गेला. दुसऱ्या दारामागे दुसरा हालितो. तिसऱ्या दारामागे दोन टोळ्या उभ्या आणि तारलीच्या हातात फक्त काठी.

मंत्र संपले तेव्हाच वळायला हवं होतं. "अजून सगळ्यांची लाइफ हा" असं म्हणून पुढे गेलो. ती होती, पण चौघांची मिळून एका ऑर्कच्या दोन फटक्यांइतकी.

सुरमयबद्दल: एवढी मेहनत घेऊन काढलेला सामुराई आमच्या हातात कागदावर साधाच होता. ताकद १५ ला मारताना काही जास्तीचं मिळत नाही, ते १६ पासून सुरू होतं. जीवटाचंही तसंच, १६ पासून प्रत्येक लेव्हलला एक जीवनगुण, म्हणजे जीव मोजायचा आकडा, जास्त. सगळे १८ गुण फक्त पात्रता गाठण्यात संपले होते. तेच १८ गुण ड्वार्फ फायटरवर घातले असते तर ताकद १८, जीवट १८ आणि वर दोन उरले असते. सामुराई चौथ्या लेव्हलपासून जादूगाराचे मंत्र शिकतो, पुढे कामाचा आहे, पण दुसऱ्या लेव्हलला फायटरला १००० एक्सपी लागतात आणि त्याला १२५०. पहिला आठवडा जगायचा असेल तर तो चैन आहे.

५ जुलै

नवी पार्टी करताना वेगळाच घोळ. भाच्याने पुजारी दुष्ट केला, मी फायटर सज्जन. गिल्गमेशच्या खाणावळीत, जिथे पार्टी जमवायची तिथे, दोघांना एकत्र घेतच नाहीत. तटस्थ माणूस दोघांबरोबर चालतो. पुजारी तटस्थ होत नाही आणि चोर सज्जन होत नाही, त्यामुळे 'सगळेच तटस्थ' ही पळवाट बंद. आमचं ठरलं: पुजारी सज्जन, बाकी तटस्थ.

अर्धा तास गेला. आधी ठरवा, मग पात्रं काढा.

७ जुलै

मेलेले सहा जण भुयारातच पडलेले असतात. वर किल्ल्यात आपोआप परत येत नाहीत. दुसऱ्या पार्टीने चालत जाऊन, ते जिथे पडले त्या चौकटीवर शोधून, उचलून आणायचं. आणि पार्टी सहाचीच असते, म्हणजे बचावाला तिघं गेले तर तिघांनाच आणता येतं. बाकीच्या तिघांसाठी पुन्हा फेरी.

ते कुठे पडलेत हे आम्हाला ठाऊक नव्हतं. नकाशा काढला नव्हता.

तरी उचलायचेत का, याचा हिशेब केला. कांटच्या देवळात मेलेल्याला उठवायचे २५० सोन्याची नाणी गुणिले त्याची लेव्हल. पहिल्या लेव्हलचा माणूस म्हणजे २५०. देऊनही उठेलच असं नाही, जीवट कमी असेल तर राख होतो. राखेतून उठवायचे ५०० गुणिले लेव्हल, आणि तेही फसलं तर माणूस कायमचा गेला. उलट नवीन पात्र काढलं तर ते स्वतःच्या खिशात ९० ते १८९ नाणी घेऊन येतं. पहिल्या लेव्हलच्या माणसासाठी देवळात पैसे टाकणं म्हणजे शुद्ध तोटा. तिसऱ्या लेव्हलपर्यंत मेला तो मेला.

तारली, सुरमय, सगळे तिथेच राहिले.

यावर भाचा जे बोलला ते या सगळ्या नोंदींतलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य आहे. "मामा, डायवर खाली गेलो तरी होडयेर एक माणूस रवताच. सगळेच खाली गेले तर वर कोण ओढतलो?" म्हणजे पार्टी सहाची नाही. सहा भुयारात आणि निदान तीन खाणावळीत, तेही नावापुरते नाहीत, कपडे-हत्यारं घातलेले, दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलचे. दोन पार्ट्या आळीपाळीने वाढवायच्या. सुरुवातीला वेळ दुप्पट लागतो. नंतर वाचतो.

यादीत जागा मर्यादित असते, म्हणून मेलेली जुनी नावं पुसून टाकली. तारली पुसताना भाच्याने बटण मला दाबायला सांगितलं.

१० जुलै

पैसे.

पहिल्या वेळी ज्याचे पैसे त्याने खर्च केले. जादूगाराकडे दीडशे नाणी पडून आणि पुढच्या फायटरच्या अंगावर नुसतं चामड्याचं चिलखत. आता आधी सगळ्यांचे पैसे एकाकडे जमा. सहा जणांचे मिळून आमच्याकडे आठशेच्या आसपास आले.

बोल्टॅकच्या दुकानातले भाव: लांब तलवार २५, आखूड तलवार १५, सुरी ५, काठी १०, पुजाऱ्याची गदा ३०. छोटी ढाल २०, मोठी ढाल ४०. झगा १५, चामडी चिलखत ५०, साखळी चिलखत ९०, छातीपत्रा २००, पूर्ण पोलादी चिलखत ७५०. शिरस्त्राण १००.

संरक्षणाचा आकडा, ज्याला सगळे एसी म्हणतात, उघड्या अंगाला १० असतो आणि जितका कमी तितका चांगला. चामड्याने दोन उतरतो, साखळीने तीन, छातीपत्र्याने चार, मोठ्या ढालीने तीन, छोटीने दोन, शिरस्त्राणाने एक. म्हणजे साखळी आणि मोठी ढाल मिळून १३० नाण्यांत एसी ४. त्याच्या पुढचा एकेक आकडा शंभर-शंभर नाण्यांना पडतो. म्हणून पुढच्या तिघांना प्रत्येकी साखळी, मोठी ढाल, लांब तलवार: एकाचे १५५, तिघांचे ४६५. पुजाऱ्याला गदा, चामडं, छोटी ढाल: १००. जादूगाराला झगा आणि सुरी, २०.

उरलेल्या दोनशेच्या आत-बाहेर नाण्यांवर भाच्याचा डोळा. त्याला शिरस्त्राणं घ्यायची होती. मी नाही घेऊ दिली. एक घेतलं, सगळ्यात पुढच्याला.

एक युक्ती सगळ्यांना सुचते: खोटी पात्रं काढायची, त्यांचे पैसे काढून घ्यायचे, पात्रं पुसून टाकायची. चालते. आम्हीही थोडा वेळ केली. मग पोलादी चिलखतं घालून पहिल्या मजल्यावर फिरलो आणि लगेच कंटाळा आला. ज्याला मांत्रिकापर्यंत पोचायची घाई आहे त्याने जरूर करावी.

११ जुलै

मागची रांग बदलली. चोर वगळला, दुसरा जादूगार घेतला.

कारण कातिनो. तो मंत्र जादूगाराला पहिल्या लेव्हललाच येतो आणि एका माणसाला नाही, अख्ख्या टोळीला झोपवतो. झोपलेल्यावर बसलेल्या घावाची इजा दुप्पट. हालितोने एक मरतो, कातिनोने पाच जण लाकडासारखे पडतात आणि पुढचे तिघं त्यांना एकेक करून संपवतात. दोन जादूगार म्हणजे दोन टोळ्या एकाच फेरीत झोपल्या, आणि एका सफरीत चार कातिनो. हालितो आम्ही आता जवळजवळ वापरतच नाही.

आताची पार्टी: तीन ड्वार्फ फायटर पुढे, मागे नोम पुजारी आणि दोन एल्फ जादूगार. फायटरचे दहा गुण असे वाटले: जीवट १६ आणि ताकद १४, दोघांना, तिसऱ्याला ताकद १६, जीवट १४. बघू कोण जास्त टिकतो. जादूगाराचे आठ गुण बुद्धीवर, १८ करून टाकली. नवीन लेव्हलला प्रत्येक नवा मंत्र जमेल की नाही हे बुद्धीवर ठरतं. १८ असली तरी पाचात तीन वेळा, तीसाला भागून जे येतं ते. बुद्धी ११ वर ठेवलेल्या जादूगाराचं काय होईल ते यावरून काढा.

भाच्याचं म्हणणं की चोर नसला तर पेट्या कोण उघडणार. खरं आहे. सध्या पेट्या बंद.

१४ जुलै

दिवाणखवटी बोगद्यापाशी दरड आली, कोकण रेल्वे बंद. मुंबईहून निघालेला मेहुणा मधेच अडकला, त्यामुळे रात्रभर फोन चालू ठेवून जागलो. जागायचं होतंच, म्हणून हिशेबाची फेरी आज पक्की बसवली. जिला खेळाचे लोक 'ग्राइंड', म्हणजे तेच तेच करत पात्रं वाढवणं, म्हणतात तीच, पण फुकट.

सरायीत राहायचे भाव असे: तबेला फुकट, खाट आठवड्याला १० नाणी, साधी खोली ५०, व्यापाऱ्याची २००, राजेशाही ५००. तबेल्यात जखम भरत नाही. खाटेवर आठवड्याला एक जीवनगुण भरतो, साध्या खोलीत तीन, व्यापाऱ्याच्या सात, राजेशाहीत दहा. म्हणजे आठ जीवनगुण भरायला खाटेवर आठ आठवडे आणि ८० नाणी, आणि माणसाचं वयही तेवढं वाढतं. वय फार झालं की आकडे उतरायला लागतात.

पण तबेल्यात एक रात्र काढली तरी मंत्रांची शक्ती पूर्ण भरते. आणि पुजाऱ्याचा दिओस १ ते ८ जीवनगुण भरतो. मग असं:

पार्टी जखमी होऊन वर आली. फक्त पुजाऱ्याला तबेल्यात झोपवायचं, फुकट. सगळ्यांना घेऊन पुन्हा जिना उतरायचा, तिथेच तळ टाकायचा, एक पाऊलही न टाकता दिओस, दिओस. वर यायचं. पुजारी पुन्हा तबेल्यात. पुन्हा खाली. सगळे पूर्ण होईपर्यंत. किल्ल्यात मंत्र टाकता येत नाही म्हणून हे जिन्याखाली जाणं.

कंटाळवाणं आहे, पण एकही नाणं जात नाही. आणि लेव्हलही तबेल्यातच वाढते, त्यासाठी खोली घ्यायची गरज नाही. आम्ही खाटेवर घालवलेली नाणी सगळी पाण्यात.

आज बसलेली एक चांगली लढाई, नमुन्यादाखल. दाराला लाथ. 'खुजे दोनपायी' चार आणि मागे तसलेच दोन. ओळख पटेपर्यंत खेळ खरं नाव सांगत नाही. पहिल्या जादूगाराने पुढच्या टोळीवर कातिनो, दुसऱ्याने मागच्यांवर. पुढचे चारही आडवे, मागचा एक जागा. तिन्ही फायटर पुढच्या टोळीवर. दुसऱ्या फेरीला दोन मेले, एक जागा होऊन उठला. मागच्या जागत्याने पहिल्या फायटरला चार जीवनगुणांचा फटका दिला. तिसऱ्या फेरीपर्यंत पुढे कोणी उरलं नाही. ते ऑर्क होते, प्रत्येकी २३५ एक्सपी. मागचे दोन कोबोल्ड, प्रत्येकी ४१५. मिळून १७७०, सहा जणांत प्रत्येकी २९५. अशा तीन-चार लढाया म्हणजे दुसरी लेव्हल. लगेच वर. दोन कातिनो शिल्लक होते तरी वर.

दुसऱ्या लेव्हलला फायटरला १००० लागतात, पुजाऱ्याला १०५०, जादूगाराला ११००, म्हणून सगळे एकदम चढत नाहीत. चढताना जीवनगुणांचे फासे नव्याने पडतात, आधीपेक्षा कमी आले तर एकच वाढतो. त्यामुळे पहिल्या लेव्हलला कमी मिळालेला फायटर पुढे भरून निघू शकतो. त्याला लगेच पुसू नका. बाकी आकडे मात्र वर जातात तसे खालीही येतात. आमच्या पहिल्या फायटरचं जीवट १६ चं १५ झालं. शिव्या देऊन काही होत नाही.

१६ जुलै

मेहुणा पोचला. वीज दिवसभर नव्हती, लॅपटॉपची बॅटरी दुपारी संपली. भाच्याने तेवढ्यात नकाशाची वही नीट केली: वीस बाय वीस चौकटी, डावा-खालचा कोपरा शून्य-शून्य. या हवेत कागद इतका ओला होतो की पेन्सिल टेकवली की भोक पडतं, म्हणून आता पानं रात्री तव्याखालच्या गरम चुलीशेजारी ठेवतो. दुमापिक मंत्राने आपण कुठल्या चौकटीत आहोत ते कळतं, पण त्याला तेवढाच मंत्र खर्च होतो जेवढा कातिनोला. पावलं मोजणं स्वस्त.

२१ जुलै

दुसरी पार्टी, म्हणजे होडीवरची. हिच्यात चोर घेतला: हॉबिट, चपळाई जास्त, नाव पुन्हा कुर्ली. म्हटलं पेट्यांचं काय ते एकदा बघू.

चपळाई चांगली असेल तर चोर पेटीतला सापळा जवळजवळ हमखास ओळखतो. काढताना मात्र पहिल्या लेव्हलला अनेकदा चुकतो. कुर्लीने विषारी सुई बरोबर ओळखली आणि काढताना स्वतःलाच टोचून घेतली. विष चढलं की चालताना जीवनगुण गळत राहतात. विष उतरवायचा मंत्र लातुमोफिस, तो पुजाऱ्याच्या मंत्रांतल्या चौथ्या पातळीचा, म्हणजे पुजारी स्वतः सातव्या लेव्हलला पोचला की मिळणारा. बोल्टॅककडे त्याची बाटली ३००. आमच्याकडे दोन्ही नाही. पुजाऱ्याचे दोन दिओस वाटेत टाकले. जिन्याला सहा चौकटी असताना कुर्ली पडला.

पेटीत काय होतं ते बघायलाच विसरलो.

भाचा चिडला. "चोर मागे उभो रवान काय करता? मारूक येना नाय, मंत्र येना नाय, एक पेटी उघडता ती पण अंगावर." मला त्याचं सगळं पटत नाही. चोर दुसऱ्या मजल्यापासून लागतोच. पण पहिल्या लेव्हलचा चोर पेटीजवळ नेणं चूक. त्याला तिसऱ्या लेव्हलपर्यंत नुसता मागे उभा करून वाढवायचा. त्याला ९०० लाच दुसरी लेव्हल मिळते, तेवढं बरं.

तोपर्यंत पेट्यांसाठी काल्फो. पुजाऱ्याच्या दुसऱ्या पातळीचा मंत्र, तिसऱ्या लेव्हलला मिळतो. शंभरात पंचाण्णव वेळा सापळा बरोबर सांगतो. काढत नाही, सांगतो. बाण असेल तर भरलेल्या फायटरने खुशाल उघडावी. सुई किंवा वायू असेल तर सोडून द्यावी. टेलिपोर्टर, म्हणजे पार्टीला भलतीकडे फेकणारा सापळा, असेल तर हातही लावू नये.

२८ जुलै

दोन्ही पार्ट्यांचे फायटर दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला. ताकद १६ वाला जास्त वेळा मारतो, जीवट १६ वाले जास्त वेळा वाचतात. पुन्हा काढायची झाली तर तिघांनाही जीवटच देईन.

सापळ्यांची, म्हणजे हाडांच्या, टोळी भेटली की कातिनोवर विसंबू नका. मेलेल्यांना झोप नाही. पुजारी त्यांना मंतरून घालवू शकतो, पण घालवलेल्याचे एक्सपी शून्य. जीव वाचवायला ठीक. रोजच्या कमाईला फायटरनीच तोडायचे.

४ ऑगस्ट

मासेमारीची बंदी ३१ ला उठली, भाचा एका ओळखीच्या ट्रॉलरवर जायला लागला. आता खेळ रात्रीचा, आणि तोही समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी.

मर्फीचं भूत सापडलं. पहिल्या मजल्यावर ठरलेल्या खोलीत पुन्हा पुन्हा भेटणारं. त्याला मारणं कठीण, घाव बसतच नाहीत, पण त्याचा मारही हलका. एकाला मारल्याचे ४४५० एक्सपी, सहा जणांत प्रत्येकी सातशेच्या वर. एका भुतात लेव्हलच्या आसपास. मंत्र वाया घालवू नका, तिघांनी नुसतं ठोकत राहायचं.

पण पहिल्या लेव्हलच्या पार्टीला घेऊन तिथे जाऊ नका, भूत नाही तर वाटेतली दारं मारतात. आमची तिसऱ्या लेव्हलची पार्टी जाऊन आली. एका रात्रीत दोघं चौथ्याला.

इथे मला एक खटकलं. भुताच्या जोरावर वाढलेली पार्टी कागदावर दणकट होते आणि खेळणारा मात्र तिसऱ्याच लेव्हलचा राहतो. भाचा म्हणतो, "मगे ता काय वायट?" त्याला सकाळी चारला उठायचं असतं, त्याच्या जागी मीही भूतच धरलं असतं.

११ ऑगस्ट

दुसऱ्या मजल्यावर डोकावलो. जिना उतरून तीन चौकटी, एक लढाई, परत. समोर मांत्रिक होते, आणि या वेळी कातिनो आमच्यावर. पुढचे दोघं झोपले. मागच्या रांगेलाही मंत्र लागतो हे तोवर नुसतं वाचलेलं होतं. एका जादूगाराचे दोनच जीवनगुण उरले.

म्हणून दुसऱ्या मजल्यासाठी आमची अट ठरली: पुजारी तिसऱ्या लेव्हलला, काल्फोसकट, निदान एक जादूगार पाचव्याला, म्हणजे महालितो, टोळीवर आग, ४ ते २४ इजा, पुढच्या तिघांचा एसी २ किंवा खाली, आणि लातुमोफिसची एक बाटली. महालितो आला की दुसऱ्या जादूगाराच्या जागी चोर. दुसरा जादूगार होडीवरच्या पार्टीत.

१८ ऑगस्ट

बिशप काढला. बुद्धी १२ आणि श्रद्धा १२ लागते, एल्फला चारच गुण पुरतात. त्याला भुयारात न्यायचं नाही, खाणावळीत बसवायचं. पेट्यांतून मिळणारी हत्यारं नुसती 'तलवार?' अशी येतात. बोल्टॅक ओळखून देतो, पण विकताना जेवढे देणार तेवढेच ओळखायचे घेतो. म्हणजे विकायची वस्तू त्याच्याकडून ओळखून घेणं व्यर्थ. बिशप फुकट ओळखतो. पहिल्या लेव्हलला बहुतेक वेळा फसतो, पुन्हा करून बघता येतं, पण फसताना शापित वस्तू त्याच्या अंगाला चिकटू शकते. चिकटली तर चिकटली, तो कुठे लढणार आहे.

उद्या नारळी पौर्णिमा, मालवणच्या जेटीवर नारळ लढवायला भाचा जाणार, त्यामुळे खेळ नाही. सध्याची स्थिती: पहिली पार्टी चौथ्या लेव्हलला, एका जादूगाराला पाचवी मिळायला थोडे एक्सपी कमी. पुढच्या तिघांत दोघांचा एसी २, एकाचा ३; छातीपत्रे आले, शिरस्त्राणं दोघांनाच. दुसरी पार्टी तिसऱ्याला, तिच्यात नवा चोर, याचं नाव मी पेडवो ठेवलं. जमा ६४० नाणी, त्यातले ३०० बाटलीला काढून ठेवलेत. बिशपपुढे ओळख न पटलेल्या दोन तलवारी आणि एक ढाल.